अमेरिकेच्या सुधारणा चळवळी अभ्यासायला घेताना

पॉप्युलिस्ट आणि प्रोग्रेसिव्ह यांची गल्लत करू नका; नवखे हमखास इथेच चुकतात. पहिले म्हणजे पडलेल्या पीकभावाने आणि रेल्वेच्या भाड्याने पिचलेले शेतकरी, दुसरे बहुतांशी शहरी मध्यमवर्गीय. १८९२चा ओमाहा जाहीरनामा, म्हणजे पॉप्युलिस्ट पक्षाच्या मागण्यांची यादी, समोर ठेवा आणि प्रत्येक मागणीचं पुढे काय झालं ते शेजारी लिहा. चढता प्राप्तिकर: १९१३च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने वाट मोकळी. सिनेटरांची थेट निवडणूक: त्याच वर्षी, सतरावी. सोन्याबरोबर चांदीचीही नाणी मुक्तपणे पाडा, ही मागणी मात्र १८९६मध्ये तिचे पुरस्कर्ते, राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ब्रायन हरल्यावर मागे पडली.

मग एकच घटना धरून खोलात जा. न्यूयॉर्कची ट्रँगल कारखान्याची आग घ्या: २५ मार्च १९११, १४६ बळी, त्यात बहुतेक स्थलांतरित तरुणी. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद, बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळलेला, बंबाच्या शिड्या तिथवर पोचतच नव्हत्या. राज्याने नेमलेल्या चौकशी आयोगाने पुढे आगीपासून बचावाचे नियम कडक करून घेतले. त्या नियमांमागे हे दार आहे, हे नीट बघा.

कायदा झाला की तो टिकलाच, असं धरू नका. बेकरी कामगारांची आठवड्याला ६० तासांची मर्यादा सर्वोच्च न्यायालयाने १९०५मध्ये लॉक्नर खटल्यात रद्द केली. आणि याच दशकांत दक्षिणेत कृष्णवर्णीयांचा मताधिकार हिरावला जात होता, तेही त्याच पानावर लिहा.