डास सोडून पक्षी वाचतात?

प्रश्न : हवाई बेटांवर पक्षी वाचवण्यासाठी हेलिकॉप्टरमधून लाखो डास सोडतात, असं ऐकलं. आपण इथे डासांसाठी धूर करतो आणि तिथे मुद्दाम सोडतात? शिवाय याचा संबंध तापमानवाढीशी जोडतात, तो कसा?
– एक शिक्षक, चिपळूण

उत्तर : ऐकलंत ते खरं आहे, सर. नोव्हेंबर 2023 पासून तिथल्या माउई बेटावर हे काम चालू झालं, पुढे कौआई बेटावरही. पण डासांकडे वळण्याआधी पक्ष्यांच्या हिवतापाबद्दल सांगते.

मी एकतीस वर्षं प्राथमिक आरोग्य केंद्रात हिवतापाच्या काचपट्ट्या तपासल्या. कार्यकर्ते घरोघर फिरून रक्तनमुने आणत. मी त्या पट्ट्या जेएसबी रंगात बुडवून वाळवायची, वर तेलाचा थेंब टाकायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची. हिवताप म्हटलं की मला माणूसच आठवायचा. एकदा कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडमनी पारव्याच्या रक्ताची पट्टी आणून दिली. आपल्या तांबड्या पेशी गोल आणि मधे फिकट, तर पारव्याच्या लांबट, आणि प्रत्येकीत केंद्रक. काही पेशींत त्या केंद्रकाला मिठी घालून बसलेला निळसर परजीवी. हा मलेरियाच्या जंतूचा चुलतभाऊ. तो पारव्याच्या पिसांत फिरणाऱ्या माशीतून पसरतो आणि पारवा सहसा त्याला पुरून उरतो. दोघं पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात.

हवाईत नेमकी ही ओळखच नव्हती. 1826 पर्यंत त्या बेटांवर डास हा प्राणीच नव्हता. त्या वर्षी ‘वेलिंग्टन’ नावाचं जहाज माउईच्या लाहाइना बंदराला लागलं. खलाशांनी पिंपांतलं जुनं पाणी ओतून दिलं आणि त्यातून अळ्या गेल्या, असं मानलं जातं. तिथल्या लोकांनी मिशनऱ्यांना कानाशी गुणगुणणाऱ्या एका नव्या माशीबद्दल सांगितल्याची नोंद आहे. हा डास तुमच्या-माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. गटारात आणि सेप्टिक टाकीत वाढणारा, आपल्याकडे हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स, तोच. पुढे बाहेरून आणलेल्या पक्ष्यांबरोबर हिवतापाचा जंतूही तिथे पोचला. बाहेरून आणलेल्यांत आपली साळुंकीसुद्धा आहे. पिकावरच्या अळ्या खाईल म्हणून 1865 मध्ये तिला भारतातून तिथे नेलं होतं.

आता तिथला इईवी हा पक्षी पाहा. लालभडक अंग, काळे पंख, आणि फुलातला मध ओढायला विळ्यासारखी वाकलेली शेंदरी चोच. एका प्रयोगात दहा इईवींना संसर्ग झालेला एकेकच डास एकदा चावू दिला. दहातले नऊ मेले. माझ्या टेबलावरून हजारो पट्ट्या गेल्या, माणसाच्या हिवतापाचा सर्वांत घातक जंतू फाल्सिपेरम मी जवळून पाहिलाय, पण एका चाव्यात दहातले नऊ हे प्रमाण वाचून मी ते पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

तापमानाचा संबंध इथेच येतो. डास चावला की लगेच रोग पसरतो असं नाही. जंतूला आधी डासाच्या पोटात वाढावं लागतं, मग तो त्याच्या लाळेत उतरतो, आणि या वाढीला ऊब लागते. पक्ष्यांच्या हिवतापाचा जंतू साधारण 13 अंश सेल्सिअसच्या खाली वाढतच नाही. म्हणून हे पक्षी पायथ्याची जंगलं सोडून डोंगरमाथ्यावर, 1500 मीटरच्या वर तग धरून राहिले. थंडीची एक अदृश्य रेषाच होती ती. हवा तापली तशी ती रेषा वर सरकली आणि तिच्या मागोमाग डास वर गेले. माउईवर अजून थोडी उंची शिल्लक आहे. कौआईचं सर्वोच्च शिखर मात्र 1598 मीटरचं, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही बुटकं. तिथल्या पक्ष्याने आणखी वर जायचं कुठे? अकिकिकी नावाचा राखाडी-पांढरा, चिमणीएवढा पक्षी फक्त याच बेटावरचा. 2023 मध्ये रानात जेमतेम पाच उरले होते. बाकीचे काही पिंजऱ्यात सांभाळले आहेत.

‘पक्षी उचलून दुसऱ्या डोंगरावर ठेवा’ हेही करून झालं. 2019 मध्ये माउईवर पोपटासारख्या चोचीचे चौदा कीवीकिउ हालेआकाला डोंगराच्या दुसऱ्या उतारावर नेले. काही आठवड्यांतच हिवतापाने त्यांचा घात केला, कारण डास तिथवर आधीच चढले होते. सगळे संपले असं धरून चालले होते, तर 2021 मध्ये त्यांतला एक जिवंत दिसला. त्या एका पक्ष्याचा विचार माझ्या मनातून जात नाही.

मग औषध का फवारत नाहीत? कारण फवारणीत ज्या किड्यांवर हे पक्षी जगतात तेही मरतील. आपण गावात हौदात गप्पी मासे सोडतो, तेही तिथे जमणार नाही. रानडुकरं झाडाएवढ्या नेच्यांची खोडं पोखरतात, त्या पोकळ्यांत पाणी साठतं आणि अळ्या होतात. अशा हजारो पोकळ्या, त्याही पायवाट नसलेल्या डोंगरात. म्हणून डासानेच डास कमी करायचा हा मार्ग निघाला. प्रयोगशाळेत वाढवलेले फक्त नर सोडतात. नर चावत नाही, फुलांचा रस पितो. या नरांच्या अंगात वोल्बाकिया जिवाणूचा असा वाण असतो, जो रानातल्या मादीच्या वाणाशी जुळत नाही. त्यांचा संयोग होतो, मादी अंडी घालते, पण ती उबत नाहीत. असे नर आठवड्यामागून आठवडे, लाखांनी सोडत राहावे लागतात. हात आखडला की डास पुन्हा बोकाळतात.

जन्मभर डासांशी झुंजलेल्या बाईला हे पटायला वेळ लागला, पण मला ते पटलंय. मात्र यातून पक्ष्यांना मिळते ती मुदत. हवा तापतच राहिली तर ती रेषा वर सरकतच राहणार, हे तुमच्या मुलांना अवश्य सांगा. वर्गात पृथ्वीचा गोल असेल तर पॅसिफिकच्या मधोमध कौआईचा ठिपका शोधायला लावा.

प्रश्न : उन्हाळ्यात गच्चीवर पक्ष्यांसाठी पाणी ठेवते. शेजारच्या काकू म्हणतात, त्यात डास होतात. ठेवणं बंद करू का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : बंद मुळीच करू नका, पण काकूंचंही खरं आहे. एप्रिलच्या उन्हात अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. भांडं उथळ, मातीचं घ्या. पाणी रोज बदला, निदान एक दिवसाआड. नुसतं ओतून पुन्हा भरू नका. क्युलेक्सची अंडी पाण्यावर तरंगतात, ती ओतताना जातात. डेंग्यूच्या डासाची अंडी मात्र काठाला चिकटून बसतात आणि सुकली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून आठवड्यातून एकदा भांडं काथ्याने आतून खसखसून घासा आणि दिवसभर उन्हात पालथं घाला. त्या दिवसापुरतं दुसरं भांडं ठेवलंत की पक्ष्यांची गैरसोय होणार नाही. जुनं पाणी गटारात सोडू नका. कुंडीतल्या कोरड्या मातीत ओता, म्हणजे अळ्या तिथेच संपतील.