बारा गावचं पाणी की घरची विहीर?

या वेळी गोल्फवरची चार पत्रं घेतलीत. चौघांचं भांडण खरं तर एकच आहे, एका क्लबला चिकटून राहायचं की मिळेल तिथे खेळत सुटायचं. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण त्यात मी स्वतःही सापडतो.

प्रश्न: गेली अकरा वर्षं मी एकाच क्लबला खेळतोय. हँडिकॅप इंडेक्स (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका चांगला) १६. घरच्या कोर्सवर ८८-९० शॉट ठरलेले, पण बाहेर कुठेही गेलो की सरळ १०२, १०४! माझा एक मित्र आजवर साठेक कोर्स फिरून आलाय आणि मला डबक्यातला बेडूक म्हणतो. मेंबरशिप सोडून त्याच्यासारखं हिंडायला लागू का?
– बेडूक (नाव छापू नका)

उत्तर: बेडूकराव, मेंबरशिप सोडू नका. आधी हे जास्तीचे १४ शॉट जातात कुठे ते बघू, कारण त्यातले काही तुमचे नाहीतच मुळी. २०२० पासून जी वर्ल्ड हँडिकॅप सिस्टिम आलीय तिच्यात इंडेक्स तुमचा असतो, पण प्रत्येक कोर्सवर त्याचे सूट म्हणून मिळणारे शॉट वेगळे होतात. इंडेक्सला त्या कोर्सच्या स्लोपने गुणायचं, ११३ ने भागायचं आणि कोर्स रेटिंग (स्क्रॅच म्हणजे शून्य हँडिकॅपवाल्याला तिथे लागणारे शॉट) वजा पार (कोर्ससाठी ठरवून दिलेले शॉट) जे येईल ते मिळवायचं. समजा तुमच्या घरचा स्लोप ११३ आणि रेटिंग पारइतकंच, तर तुम्हाला १६ शॉट. बाहेरच्या कोर्सचा स्लोप १३४ आणि पार ७२ ला रेटिंग ७३.२ असेल तर तिथे तुम्हाला २० मिळतात. म्हणजे १४ पैकी ४ शॉट तर कागदावरच माफ! हा स्लोप ५५ पासून १५५ पर्यंत असतो आणि बरेच लोक त्याला कोर्स किती अवघड याचा आकडा समजतात, तसं नाहीये ते. स्क्रॅच खेळणाऱ्याच्या तुलनेत बोगी (दर होलला पारपेक्षा साधारण एक शॉट जास्त) खेळणाऱ्याला तो कोर्स किती जास्त छळतो एवढंच तो सांगतो. त्यामुळे एखादा स्क्रॅच मित्र "काय सोपा कोर्स आहे" म्हणाला तरी तिथे तुमची वाट लागू शकते आणि दोघंही खरं बोलत असता.

उरले १०. हे मात्र तुमचे. अकरा वर्षांत तुम्ही मारायला कमी आणि आठवायला जास्त शिकलात असं म्हटलं तर राग मानू नका, माझंही डिट्टो हेच झालं होतं. आमच्या सातव्या होलला डावीकडे एक मोठं झाड आहे, त्याच्यावर नेम धरला की माझा स्लाइस (उजवीकडे वळत जाणारा शॉट) बरोबर फेअरवेच्या, म्हणजे कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या मध्ये येऊन पडतो. मला वाटायचं आपला ड्राइव्ह सरळ झालाय. पहिल्यांदा बाहेर खेळायला गेलो, टीवर उभा राहिलो, समोर नुसतं गवत, झाड नाही काही नाही, आणि मला कळेना की बघायचं कुठे. पहिले तीन बॉल उजवीकडच्या रफमध्ये, म्हणजे उंच गवतात. ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक गवतावर, तर आणखी हसं झालं, घरी मी लाइन वाचतच नव्हतो, ती पाठ झाली होती. त्या दिवशी सात वेळा थ्री-पट केले, म्हणजे ग्रीनवरच तीन-तीन फटके लागले, आणि परत येताना गाडीत कुणी काही बोललं नाही.

पण म्हणून पाठांतर वाईट असंही नाही. मास्टर्स ही चार मेजरपैकी (गोल्फच्या सर्वात मोठ्या स्पर्धांपैकी) एकच अशी की जी दरवर्षी त्याच कोर्सवर, ऑगस्टा नॅशनलवर होते, आणि तिथे पहिल्यांदा येऊन जिंकणं भल्याभल्यांना जमत नाही. सुरुवातीची दोन वर्षं सोडा, तेव्हा सगळेच नवे होते. त्यानंतर १९७९ मध्ये फझी झेलरने पदार्पणातच ती जिंकली आणि पुढची चाळीसहून जास्त वर्षं कुणा नवख्याला ते करता आलं नाही. बॉल कुठे पडला तर वाचतो आणि कुठे पडला की संपलं हे तिथे यार्डेज बुकात (कोर्सच्या अंतरांच्या वहीत) बघून कळत नाही, दोन-चारदा मार खाऊनच कळतं. जॅक निकलस तिथे सहा वेळा जिंकला, शेवटचं १९८६ मध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी. ताकद एव्हाना कमी झाली होतीच ना, पण ओळख वाढलेली होती.

आता तुमच्या मित्राविषयी. साठ कोर्स खेळला म्हणजे तो बहुतेक साठ वेळा पहिला राउंडच खेळलाय. पहिल्या राउंडला कोर्स तुम्हाला फक्त बुचकळ्यात टाकतो, तो कळायला लागतो दुसऱ्यांदा. जुन्या काळचा अमेरिकन खेळाडू बॉबी जोन्सचं बघा. १९२१ च्या ब्रिटिश ओपनला तो पहिल्यांदा स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सवर खेळला, तिसऱ्या राउंडला पहिल्या नऊ होल्सना ४६ लागले, अकराव्याला बंकरमध्ये अडकला आणि वैतागून राउंडच सोडून दिला. असला रागीट माणूस तो कोर्स परत तोंड बघण्याच्या लायकीचा नाही म्हणून मोकळा झाला असता. तो परत आला. १९२७ ची ओपन तिथेच जिंकला, १९३० ची ब्रिटिश अमॅच्युअर पण तिथेच, आणि १९५८ मध्ये त्या गावाने त्याला मानाचं नागरिकत्व दिलं.

तेव्हा तुमच्यासाठी माझा हिशोब असा की वर्षाला बाहेरचे दोन किंवा तीन कोर्स धरा, जास्त नको, पण प्रत्येक ठिकाणी दोनदा खेळा, जमलं तर लागोपाठच्या दिवशी. पहिल्या दिवशी स्कोअर लिहूच नका वाटल्यास. दुसऱ्या दिवशीचा आकडा बघा आणि मग मला पत्र लिहा. आणि एक, घरच्या कोर्सवर महिन्यातून एकदा तरी नेहमीचा टी सोडून दुसऱ्या टीवरून खेळा. पाठ केलेले नेम चुकायला लागतील आणि तेच हवंय.

प्रश्न: मी तुमच्या लेखी उनाडच म्हणायचा. कुठल्याच क्लबचा मेंबर नाही, आतापर्यंत ७४ कोर्स झालेत, शंभर करायचेत. सगळे स्कोअर टाकतो पण चार वर्षांत इंडेक्स २१ च्या खाली येत नाही. बारा गावचं पाणी पिऊनही असं का?
– शंभरीकडे निघालेला

उत्तर: पाणी बारा गावचं आहे हो, पण प्रत्येक गावात एकच घोट! शंभर करायचे तर करा, मजा आहे त्यात, मी आड येत नाही, फक्त त्याला प्रॅक्टिस म्हणू नका. शेवटच्या २० स्कोअरमधले सगळ्यात चांगले ८ घेऊन इंडेक्स काढतात, तुमचे ते २० च्या २० अनोळखी जागी, म्हणजे प्रत्येक राउंडला निम्मं डोकं पुढे काय आहे यातच जाणार. त्यात चूक झाली की ती कुणाची हेही कळत नाही. ग्रीनच्या पलीकडे बॉल गेला तर क्लब चुकला, वारा होता, की ग्रीन टणक होतं? घरच्या कोर्सवर याचं उत्तर लगेच मिळतं, कारण बाकी सगळं तेच असतं आणि बदललेले फक्त तुम्ही असता. इंडेक्स खाली आणायचाच असेल तर एक सीझन कुठल्यातरी एका कोर्सला द्या, भारी नसला तरी चालेल, जवळचा असला पाहिजे, आणि शंभरी पुढच्या वर्षी.

तोवर नव्या ठिकाणी निदान एक सवय लावून घ्या. पहिल्या टीवर थेट जाऊ नका, आधी प्रॅक्टिस ग्रीनवर वीस मिनिटं काढा आणि होलकडे बघूच नका. दहा पावलांवर एक टी खोचा आणि नुसता बॉल तिथपर्यंत पोचतो का ते बघा, चढावर, उतारावर, आडवं. ग्रीनचा वेग स्टिम्पमीटरने फुटांत मोजतात आणि ८ वरून उठून ११ च्या ग्रीनवर गेलात तर तुमचा नेहमीचा हात थेट पलीकडच्या रफपर्यंत बॉल सोडतो, मग ग्रीन वाचता येत नाही म्हणून रडू नका, वेग कळला नव्हता एवढंच. बर्म्युडा गवत असेल तर त्याची पातही बघा, तुमच्याकडून बघताना ग्रीन चकचकीत दिसत असेल तर पात पुढे झुकलीय, बॉल पळणार, आणि गडद दिसत असेल तर पात अंगावर येतीय, जरा जास्त मारा. लिंक्सवर (समुद्रकाठच्या कोर्सवर) जमीन कडक आणि वारा कायमचा, तिथे वेजने बॉल उंच उडवायची हौस बाजूला ठेवून बॉल जमिनीवरून पळवत न्यायचा. ही एक गोष्ट मात्र हिंडल्याशिवाय येत नाही आणि यात तुम्ही बेडूकरावांच्या बरेच पुढे असाल. पत्ते देता आले असते तर दोघांची गाठच घालून दिली असती.

प्रश्न: मी वर्षापूर्वी खेळायला लागले. मैत्रिणींबरोबर बाहेर खेळलेला स्कोअर हँडिकॅपला धरतात का? क्लबमधले सिनियर म्हणतात फक्त घरचे आणि स्पर्धेचेच चालतात.

उत्तर: सिनियर जुन्या हिशोबात अडकलेत. कोर्सला अधिकृत रेटिंग हवं, नियमाने खेळलेलं हवं आणि सोबत किमान एक जण हवा, एकटीने खेळलेला राउंड चालत नाही. बाकी मैत्रिणींबरोबरचा साधा राउंड अगदी चालतो, फक्त तुमच्या इथे राउंडच्या आधी नोंद करावी लागते का तेवढं क्लबला विचारा, देशोदेशी पद्धत थोडी वेगळी आहे. नऊ होल्सचाही चालतो. आणि बाहेर एखाद्या होलवर अकरा-बारा लागले म्हणून लपवू नका, एकदा इंडेक्स मिळाला की हँडिकॅपसाठी कुठलाही होल नेट डबल बोगीपर्यंतच मोजतात, म्हणजे पार अधिक दोन अधिक त्या होलला तुम्हाला मिळणारे शॉट. उलट बाहेरचे स्कोअर जरूर टाका, नुसत्या घरच्या आकड्यांवर इंडेक्स गोंडस दिसतो आणि मग मॅचमध्ये बाहेरचे लोक तुम्हाला धुतात.

प्रश्न: आमचा क्लब नऊच होल्सचा. तेच नऊ फिरून फिरून जीव विटला. दुसरा क्लब बराच लांब आहे. बदलू का?
– नऊवाला

उत्तर: लांब आहे म्हणताय ना, मग नको. लांबच्या क्लबला माणूस पहिले दोन महिने उत्साहाने जातो आणि मग तिथली फी भरून घरी बसतो. वर्षाची फी भागिले प्रत्यक्ष खेळलेले राउंड एवढा एकच भागाकार प्रामाणिकपणे करा, बहुतेकांचं मन तिथेच बदलतं. तुमचा क्लब दुसऱ्या कुठल्या क्लबांशी जोडलेला आहे का तेही ऑफिसात विचारून घ्या, बऱ्याच मेंबरांना आपल्या कार्डावर आणखी कुठे खेळता येतं हेच माहीत नसतं.

आणि नऊ होल्सचे अठरा करता येतात. बॅगेत नियमाने १४ क्लब चालतात, तुम्ही ५ घेऊन निघा, एक वूड, दोन आयर्न, एक वेज, पटर. नेहमी सात आयर्नने मारता तो शॉट पाचने अर्धा स्विंग करून मारावा लागला की तोच होल ओळखू येत नाही. किंवा कोर्स रिकामा असताना, कमिटीला विचारून, एका टीवरून भलत्याच ग्रीनकडे खेळून बघा. चाळे वाटतील, पण सेंट अँड्र्यूजचा ओल्ड कोर्स पूर्वी आजच्या उलट दिशेने फिरायचे, तिथली सात ग्रीन्स इतकी मोठी आहेत की एकेकावर दोन दोन होल आहेत. फक्त मागून कुणी येत नाही ना ते बघा, आमच्याकडे एकदा कमिटीचे चेअरमनच समोरून चालत आले होते.