सगळे हो म्हणतात, मग मलाच का पटत नाही?

"मॅडम, मला पटलेलं नसतं पण मीटिंगमध्ये सगळे हो म्हणाले की माझीही मान हलते, मी इतका भित्रा आहे का?" हे मी फार जणांकडून ऐकते. त्यातली एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

इंदिरानगरच्या एका जुन्या सोसायटीचे खजिनदार. रिडेव्हलपमेंटसाठी बिल्डर जवळजवळ ठरलेला, आणि बँक गॅरंटीचं, म्हणजे बिल्डरनं काम अर्धवट सोडलं तर पैसे देण्याच्या बँकेच्या हमीचं, काय हा प्रश्न काकांच्या ओठांवर यायचा नि तिथेच विरायचा. मग चेअरमननी ग्रुपवर टाकलं, "सगळ्यांना मान्य आहे ना?" धडाधड अंगठे आले, काकांनीही एक टाकला आणि रात्रभर तळमळत राहिले. मला त्यांनी मोबाईल दाखवला, अंगठ्याखाली अंगठे, मधे एकाचाही शब्द नाही.

मी म्हटलं काका, हा भित्रेपणा नाही हो. १९६१ मध्ये अमेरिकेनं क्यूबावर बे ऑफ पिग्जची मोहीम काढली, ती सपशेल फसली. राष्ट्राध्यक्ष केनेडींचे सल्लागार श्लेसिंजर यांना ती आधीपासून चुकीची वाटत होती, तसं त्यांनी लेखी कळवलंही होतं, पण बैठकीत मात्र ते जवळपास गप्पच बसले आणि त्याची खंत त्यांना पुढे लागून राहिली. एवढा विद्वान माणूस! आयर्विंग जॅनिस या मानसशास्त्रज्ञानं १९७२ मध्ये अशाच फसलेल्या निर्णयांचा अभ्यास मांडला, त्याला ग्रुपथिंक म्हणतात. गटात आपुलकी असली, वरच्याचं मत आधीच कळलेलं असलं की शंका काढणं म्हणजे मोडता घालणं वाटायला लागतं, आणि गप्प बसलेल्याला आपण होकारात मोजतो. खरा घोळ इथेच होतो.

सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगात दिलेल्या रेघेएवढीच लांब रेघ ओळखायची असायची. आजूबाजूचे सगळे मुद्दाम चुकीची रेघ दाखवायचे, तर डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसत असूनही माणसं बऱ्याचदा त्यांच्यामागे जायची, पण बरोबर बोलणारा एक जरी सोबती मिळाला की हे प्रमाण एकदम खाली यायचं. म्हणून काकांना म्हटलं, सभेत एकदम विरोध नका करू, आधी एकाशी बोला.

त्यांनी तळमजल्यावरच्या रिटायर्ड बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं तुम्हा सगळ्यांना पटलंय!" पुढच्या सभेत दोघांनी मिळून बिननावाच्या चिठ्ठ्या मागितल्या, तर निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत तोच बँक गॅरंटीचा प्रश्न. चेअरमनही चिडले नाहीत, उलट वकिलांना विचारून तसं कलम करारात घालायचं ठरलं.

आणि तुम्ही स्वतः चेअरमन असाल तर प्लीज आपलं मत सगळ्यात शेवटी सांगा. १९६२ मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून पेच झाला, त्या वेळी केनेडी काही बैठकांना मुद्दाम जात नसत, लोकांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून.