इक्विटीला 'समानता' म्हणावं का?

एका भाषांतरकार मैत्रिणीने विचारलंय: 'नवी औषधं आणि उपकरणं जोखताना आरोग्यव्यवस्थेने इक्विटीचा विचार करावा' हे वाक्य मराठीत आणायचंय. इक्विटीला समानता म्हणू, समता म्हणू की न्याय्यता?

माझं मत 'समन्याय'ला. समानता तर इथे सरळ चुकीचा अर्थ देते. इंग्लंडमधली नाइस ही संस्था १९९९ पासून नवी औषधं आणि उपचार जोखण्याचं काम करते. तिचं माप म्हणजे चांगल्या तब्येतीत काढलेलं एक वर्ष. नव्या औषधाने अशी किती वर्षं पदरात पडतात आणि दर वर्षामागे किती पौंड मोजावे लागतात, हा मूळ हिशेब. वर्ष गरिबाचं असो की श्रीमंताचं, मोल एकच. ही झाली समानता. २०२२ साली मात्र नियम आला की आजार फार गंभीर असेल तर त्या वर्षाचं मोल १.२ पट किंवा १.७ पट धरायचं. म्हणजे जास्त भोगणाऱ्याला ठरवून झुकतं माप. इक्विटी ती ही. दोन्हीला समानता म्हटलं तर दुसरं वाक्य पहिल्यालाच खोडून काढतं.

समता मला फार जवळचा शब्द. फुले-आंबेडकरांच्या विचाराचं सगळं वजन त्याच्यामागे आहे. पण ते ध्येयाचं नाव आहे, आणि इथे वाटपाच्या रीतीला नाव हवंय.

ते आपल्याकडे आधीपासून आहे, आणि तेही कोशात पडून नाही: 'समन्यायी पाणीवाटप'. दुष्काळी भागातल्या चळवळींनी हा शब्द गावोगाव नेला. टंचाईच्या वर्षी जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडायचा वाद पेटला की तो दर वेळी बातम्यांत येतो. कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, सुटल्यावर प्रत्येकाला तासाला तास सारखे दिले, तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणी पोचेतो निम्मं वाटेतच जिरलेलं असतं. सारखं दिलं म्हणून सारखं मिळत नाही, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

ऑक्सिमीटरचंही तसंच आहे. कोविडच्या दिवसांत घरोघरी बोटाला लावलेला तो चिमटा. यंत्र सगळ्यांना एकच, पण त्वचा गडद असेल तर रक्तातला ऑक्सिजन आहे त्यापेक्षा जास्त दाखवण्याचा धोका वाढतो. अमेरिकेत २०२० साली दिसलं की ऑक्सिजन घसरल्याचं यंत्राच्या नजरेतून निसटण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. ब्रिटनमध्ये यावर स्वतंत्र समिती नेमली गेली, २०२४ मध्ये तिचा अहवाल आला, आणि त्याच्या नावातच इक्विटी आहे. 'वैद्यकीय उपकरणांतील समानता' असं त्याचं भाषांतर केलं, तर उपकरण सगळ्यांना सारखंच होतं की, असं कुणीही म्हणेल. 'समन्याय' म्हटलं की प्रश्न बोटापाशी येतो: कुणाच्या बोटावर ते खरं बोलतं?

न्याय्यता उच्चारायला जड आहे, पण टाकू नका. निर्णय उघडपणे झाला का, रुग्णांचं म्हणणं ऐकलं का, कारणं दिली का, या अंगासाठी 'न्याय्य प्रक्रिया' चपखल बसते.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'नवी औषधं आणि उपकरणं जोखताना त्यांचा लाभ समन्यायी रीतीने पोचेल का, हे आरोग्यव्यवस्थेने पाहावं.'