पहिला संगणक जुळवताना: सुटे भाग एकमेकांना चालतील का?

प्रश्न : कोअर आय५-१२४००एफ प्रोसेसर आणि एच६१० मदरबोर्ड घेण्याचे ठरवले आहे. ओळखीच्या एकाकडून डीडीआर५ रॅम स्वस्तात मिळते आहे. ती चालेल का?

उत्तर : नुसत्या ‘एच६१०’ या नावावरून ते सांगता येणार नाही. या प्रोसेसरला डीडीआर४ आणि डीडीआर५ हे रॅमचे दोन्ही प्रकार चालतात. मदरबोर्ड मात्र बहुधा त्यांपैकी एकाच प्रकारासाठी बनवलेला असतो, म्हणून बोर्डाचे पूर्ण नाव पाहूनच रॅम घ्यावी. दोन्ही पट्ट्यांना २८८ पिनाच असतात, पण खाच वेगळ्या जागी असते. पट्टी बसत नसेल तर जोर लावू नये. आपण विचारले नाही, तरी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते : नावाच्या शेवटी ‘एफ’ असलेल्या इंटेल प्रोसेसरमध्ये अंगचे ग्राफिक्स नसते, त्यामुळे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय मॉनिटरवर काहीही दिसणार नाही.

प्रश्न : जुना बी४५० मदरबोर्ड घेऊन त्यावर रायझेन ५ ५६०० बसवला. पंखे फिरतात, पण पडदा काळाच राहतो. ग्राफिक्स कार्ड दुसऱ्या संगणकावर नीट चालते. प्रोसेसर खराब आहे का?

उत्तर : तसा निष्कर्ष इतक्यात काढू नये. दोन्हींचे सॉकेट (प्रोसेसर बसवण्याची खोबण) एएम४ असल्याने प्रोसेसर बसला हे बरोबर, परंतु बी४५० बोर्ड २०१८ साली आले आणि हा प्रोसेसर २०२२ मध्ये. बोर्डातील बायोस (संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ आज्ञावली) जुनेच राहिले असेल तर ते या प्रोसेसरला ओळखतच नाही. बोर्डावर छापलेले पूर्ण नाव आणि आवृत्तीचा क्रमांक टिपून घ्यावा, उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या बोर्डाची प्रोसेसरांची यादी उघडावी आणि ५६०० समोर बायोसचा कोणता क्रमांक दिला आहे ते पाहावे. काही बोर्डांवर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायोस बदलण्याचे बटण असते. ते नसेल, तर बोर्डाला आधीपासून चालणारा एखादा जुना रायझेन तात्पुरता लावून किंवा दुकानातून हे काम करून घ्यावे. ते चालू असताना वीज जाऊ नये, याची काळजी अवश्य घ्यावी. हीच यादी खरेदीपूर्वी पाहण्याची दहा मिनिटे प्रत्येकाने काढावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रश्न : आरटीएक्स ४०६० या ग्राफिक्स कार्डासाठी ४५० वॅटचा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा भाग) पुरेल का? काही केबल जुन्या एसएमपीएसच्या वापरू का?

उत्तर : हे कार्ड स्वतः सुमारे ११५ वॅट घेते, पण संपूर्ण संगणकासाठी एनव्हिडियाची शिफारस ५५० वॅटची आहे, नवा घ्यायचाच असेल तर चांगल्या दर्जाचा ५५० वॅटचा घ्यावा. केबलींच्या बाबतीत मात्र माझे उत्तर ठाम नकारार्थी आहे. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) एसएमपीएसच्या बाजूचे टोक दुसऱ्या कंपनीच्या केबलशी जुळले, तरी आतील तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि त्यातून ड्राइव्ह किंवा बोर्ड कायमचा जळू शकतो.

प्रश्न : लहान कॅबिनेट घेताना काय मोजावे?

उत्तर : बोर्डाचा आकार (मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४ मिलिमीटर असतो), प्रोसेसरवरील कूलरची उंची आणि ग्राफिक्स कार्डाची लांबी. समोर रेडिएटर (द्रवाने थंड करणाऱ्या कूलरची जाळी) बसवणार असाल, तर त्याची आणि त्याच्या पंख्यांची जाडी कार्डासाठी दिलेल्या जागेतून वजा करावी.