कार्बोनिक आम्ल बाटलीत का मिळत नाही?

प्रयोगशाळेत हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक आम्लांच्या बाटल्या असतात, मग कार्बोनिक आम्लाची का नसते? शुद्ध स्वरूपात ते आहे तरी का, असं तुम्ही विचारलंय.

आहे. पण कार्बन डायऑक्साइड वायू पाण्यात विरघळून ते तयार होतं, आणि तेच पाणी ते मोडतं. इन्सब्रुक विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी २००० साली याचं गणित मांडलं. आजूबाजूला पाणी अजिबात नसेल तर एकट्या रेणूचं अर्धायुष्य (निम्मे रेणू मोडायला लागणारा काळ) नेहमीच्या तापमानालाही सुमारे १ लाख ८० हजार वर्षं! पाण्याचा एक रेणू शेजारी आला की ते १० तासांवर येतं, दोन आले की आणखी घटतं. अतिथंड, निर्वात अवस्थेत हे आम्ल घनरूपात बनवलंही गेलंय. साध्या बाटलीत मात्र हवेबरोबर बाष्प येतंच, मग ते टिकणार कसं?

पिण्याच्या सोड्यातही ते जेमतेमच असतं. विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बहुतेक तसाच राहतो. २५ अंश सेल्सिअसला साधारण ६०० रेणूंमागे एकाचंच आम्ल झालेलं असतं. पुस्तकांत त्याचा पीकेए (आम्लाच्या जोराचं माप; आकडा जितका लहान, तितकं आम्ल जोरकस) ६.३५ देतात, तो हा सगळा विरघळलेला वायू आम्लच आहे असं धरून. खऱ्या आम्लाच्या रेणूपुरता पाहिला तर तो साडेतीनच्या आसपास येतो, म्हणजे व्हिनेगरमधल्या ॲसिटिक आम्लाहून (४.७६) हे जोरकस. वर्गात नुसतं ‘दुर्बल आम्ल’ सांगून पुढे जातात, हे मला खरंच खटकतं.

वायूपासून आम्ल व्हायला वेळ लागतो, तो डोळ्यांना दिसतो. बर्फासारख्या गार पाण्यात अगदी विरळ कॉस्टिक सोडा आणि ब्रोमोथायमॉल ब्लू या आम्लता दाखवणाऱ्या रंगाचे थेंब घाला. रंग निळा येईल. व्हिनेगर टाकलं की तो क्षणात पिवळा होतो. त्याऐवजी पिण्याचा गार सोडा ओतला, तर निळा रंग काही सेकंद जागचा हलत नाही. मग हिरवट होतो आणि त्यानंतर पिवळा. (कॉस्टिक सोडा हाताळताना चष्मा आणि हातमोजे हवेतच.)

शरीराला एवढं थांबणं परवडत नाही. फुप्फुसाच्या केशवाहिन्यांतून रक्त सेकंदाच्या आत पुढे जातं, तेवढ्यात कार्बन डायऑक्साइड बाहेर पडायला हवा. म्हणून तांबड्या पेशींत हा बदल दोन्ही दिशांनी झटपट घडवणारं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर (एन्झाइम) असतं. मेल्ड्रम आणि रफ्टन यांनी १९३३ साली केंब्रिजमध्ये त्याचं वर्णन केलं. त्याच्या गाभ्यात जस्ताचा एक अणू असतो आणि एक रेणू सेकंदाला दहा लाखांपर्यंत कार्बन डायऑक्साइडचे रेणू उरकतो. मला या सगळ्या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट हीच वाटते.

हेच विकर जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवरही असतं. लेह-लडाखला जाताना उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डॉक्टर डायमॉक्स देतात, ती गोळी नेमकं तेच रोखते. म्हणून ती घेतलेल्यांना फसफसता सोडाही सपक लागतो.