संदेश की संकेत? ‘सिग्नलिंग प्रोटीन’साठी मराठी शब्द

प्रश्न असा आहे: ‘सस्तन प्राण्यांच्या अंडपेशी विभाजनात सिग्नलिंग प्रोटीन महत्त्वाची भूमिका बजावतात’ हे वाक्य धड मराठीत लिहायचे, तर ‘सिग्नलिंग प्रोटीन’ला, म्हणजे पेशीने काय करायचे हे कळवणाऱ्या प्रथिनाला, ‘संदेशवाहक प्रथिन’ म्हणावे की ‘संकेत प्रथिन’?

माझे मत ‘संकेत’च्या बाजूने आहे. ‘संदेशवाहक’ हा शब्द जीवशास्त्रात आधीच दोन जागी कामाला लागला आहे. एक संदेशवाहक आरएनए (एमआरएनए), आणि दुसरे सायक्लिक एएमपीसारखे छोटे रेणू, ज्यांना दुय्यम संदेशवाहक म्हणतात. या दोहोंपैकी प्रथिन एकही नाही, त्यामुळे ‘संदेशवाहक प्रथिन’ वाचताना घोटाळा होतो. पण ही झाली सोयीची बाब. खरा फरक अर्थाचा आहे.

संदेशात मजकूर असतो. चिठ्ठी कोणाच्याही हाती पडली तरी तिच्यातला मजकूर बदलत नाही. संकेताला असा स्वतःचा मजकूर नसतो, दोघांत आधी काही ठरलेले असते म्हणून त्याला अर्थ येतो. संकेतस्थळ म्हणजे मुळात भेटीसाठी ठरवलेली जागा. सामाजिक संकेत, काव्यातले संकेत, सांकेतिक भाषा, सगळीकडे हा ‘ठरलेपणा’ आहेच. आणि अंडपेशीत जे घडते ते या शब्दाला इतके चपखल बसते की मला दुसरा शब्द सुचत नाही.

मानवी अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन (मायोसिस, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारे विभाजन) मुलीच्या जन्माआधीच सुरू होते आणि पूर्वावस्था या पहिल्याच टप्प्यात अडते. तिथून ते पुढे सरकते ते वयात आल्यानंतर, आणि तेही दर महिन्याला सहसा एकाच अंडपेशीत. काही अंडपेशी चाळीसहून अधिक वर्षे तशाच राहतात. याला ‘विभाजन थांबते’ म्हणणे मला पटत नाही, ‘रोखून धरलेले असते’ म्हणावे. 1935 मध्ये ग्रेगरी पिंकस आणि एन्झमान या शास्त्रज्ञांनी सशाच्या अंडपेशी पुटकातून, म्हणजे अंडाशयात त्या ज्या पिशवीत वाढतात तिच्यातून, बाहेर काढल्या, तेव्हा कोणत्याही संप्रेरकावाचून त्यांचे विभाजन आपोआप पुढे सरकले. म्हणजे अंडपेशी थकून थांबलेली नव्हती, भोवतालच्या पेशींनी तिला अडवून ठेवले होते.

अडवतात कशा? अंडपेशीच्या पटलावरचे जीपीआर3 हे ग्राही (रिसेप्टर) प्रथिन आत सायक्लिक एएमपी तयार करवत राहते. भोवतालच्या पेशींकडून बारीक जोडमार्गांतून सायक्लिक जीएमपी हा तशाच प्रकारचा रेणू आत येतो आणि सायक्लिक एएमपी मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) गप्प बसवतो. सायक्लिक एएमपी भरपूर असले की प्रथिन कायनेज-ए (कायनेज म्हणजे इतर प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर) जागे राहते आणि विभाजन सुरू करणाऱ्या प्रथिनांच्या जोडीला, म्हणजे सीडीके1 व सायक्लिन-बी यांना, डोके वर काढू देत नाही. पुढे अंडपेशी बाहेर सोडायला लावणाऱ्या ल्युटिनायझिंग संप्रेरकाची लाट येते, बाहेरच्या पेशींतले सायक्लिक जीएमपी उतरते, पाठोपाठ अंडपेशीतले सायक्लिक एएमपी उतरते आणि ती जोडी मोकळी होते.

आता गंमत पाहा. या संप्रेरकाची लाट येते तेव्हा पुटकाच्या बाहेरच्या थरातल्या पेशींत सायक्लिक एएमपी वाढते, आणि तिथे ती वाढ म्हणजे ‘चला, पुढे व्हा’. हाताच्या अंतरावरही नाही, त्याच पुटकात बसलेल्या अंडपेशीत मात्र त्याच रेणूची भरती म्हणजे ‘थांब’. रेणू एकच, अर्थ उलटे. संदेश असता तर असे झाले नसते. कोणत्या पेशीत कोणती प्रथिने त्याची वाट पाहत बसली आहेत, त्यावर अर्थ ठरतो. याला संकेत म्हणायचे नाही तर कशाला?

दुसरा दाखला खुद्द प्रथिनांचाच आहे. सीडीके1 आणि सायक्लिन-बी यांची जी जोडी मोकळी झाल्यावर विभाजन सुरू होते, तीच दुसऱ्या विभाजनाच्या मध्यावस्थेत (गुणसूत्रे पेशीच्या मधोमध रांगेत येतात तो टप्पा) जोरात राहते आणि अंडपेशीला पुन्हा रोखून धरते. तिथे इएमआय2 नावाचे प्रथिन सायक्लिन-बी मोडू देत नाही. शुक्राणू आत आला की त्याच्याबरोबर आलेल्या फॉस्फोलायपेज सी-झीटा या विकरामुळे अंडपेशीत कॅल्शियमच्या लाटांवर लाटा उठतात, इएमआय2 नष्ट होते, सायक्लिन-बी मोडले जाते आणि मगच विभाजन पुरे होते. जे प्रथिन आधी वाट मोकळी करते, तेच नंतर वाट अडवते.

एक आक्षेप मला मान्य आहे. नुसते ‘संकेत प्रथिन’ म्हटले की ते खुणेच्या दगडासारखे निष्क्रिय वाटते, आणि ही प्रथिने तर संकेत घेतात, वाढवतात, पुढे देतात. म्हणून प्रक्रियेला ‘संकेतन’ आणि प्रथिनाला ‘संकेतवाही प्रथिन’ म्हणावे. ‘वाही’मुळे वाहून नेण्याची क्रिया येते आणि ‘संदेशवाहक’शी गल्लतही होत नाही. एकेका प्रथिनाच्या नावाचे मात्र भाषांतर नको. ‘वी’ या कायनेजचे नाव स्कॉटिश बोलीतल्या ‘लहान’ या अर्थाच्या शब्दावरून पडले, कारण ज्या यीस्टमध्ये ते बिघडलेले होते, त्याच्या पेशी लहान असतानाच विभागत. ही कथा सांगावी, पण त्याला ‘लघु’ म्हणू नये.

मूळ वाक्यात आणखी दोन खटके आहेत. भूमिका वठवतात, बजावतात ती कामगिरी. आणि नुसते ‘अंडपेशी विभाजन’ म्हटले की फलित अंड्याचे दोन, चार, आठ पेशींत होणारे विभाजन डोळ्यांसमोर येते, जे इथे अभिप्रेत नाही. मी असे लिहीन: ‘सस्तन प्राण्यांत अंडपेशीचे अर्धसूत्री विभाजन कधी रोखायचे आणि कधी सोडायचे, हे संकेतवाही प्रथिने ठरवतात.’ ‘अर्धसूत्री’ऐवजी ‘अर्धगुणसूत्री’ चालेल, तो शब्द अधिक स्पष्टच आहे. ‘अंडपेशी’च्या जागी ‘स्त्रीबीज’ही चालेल, पण ‘बीजांड’ टाळावे, तो शब्द वनस्पतिशास्त्रात फुलाच्या अंडाशयातल्या भागासाठी रुळलेला आहे.